नवी साइट आली आणि फोन थांबले: एका दुरुस्ती व्यवसायाच्या घसरलेल्या रँकिंगचं प्रकरण

घरगुती उपकरणं दुरुस्त करणारा एक छोटा व्यवसाय. वॉशिंग मशीन, फ्रिज, मायक्रोवेव्ह, गीझर. दोन-तीन तंत्रज्ञ, एक फोन नंबर आणि बरीच जुनी वेबसाइट. साइट दिसायला जुनाट, पण तिच्यावरून कामं येत होती. मग ती नव्याने करून घेतली. रंग जुळलेले, फोटो मोठे, मोबाइलवर झकास. पहिले आठ-दहा दिवस काहीच जाणवलं नाही. महिनाभरात मात्र सर्चवरून येणारे फोन जवळजवळ बंद झाले. मालक म्हणतो, आमचं नाव टाकलं तर आम्हीच पहिले दिसतो, मग अडलंय कुठे? साइट बनवणारा म्हणतो, गूगलचा अपडेट आला असेल. आणि तिसरा कोणी तरी दर महिन्याला पन्नास बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) आणि वीस ब्लॉगचं पॅकेज घेऊन दारात उभा.

हे कुणा एका दुकानाचं प्रकरण नाही. नव्या साइटनंतर रँक का घसरते याची नेहमी दिसणारी कारणं इथे एकाच नमुना साइटवर मांडली आहेत, आणि पानांचे आकडेही त्याच हिशेबाने धरलेले आहेत: जुन्या साइटवर ४१ पानं, नव्या साइटवर ९. बहुतेक उत्तर या दोन आकड्यांतच आहे. तरी ते तपासून घ्यावं लागतं, कारण अंदाजाने केलेली दुरुस्ती बहुधा चुकीच्या जागी होते.

आधी मोजमाप

मालकाच्या फोनवर शोधून रँक ठरवायची नाही. निकाल जागेनुसार आणि फोननुसार बदलतात. शिवाय दुकानात बसून शोधलं की जवळचं म्हणून आपलंच दुकान वर दिसतं. व्यवसायाचं नाव टाकून पहिलं येणं हा तर रँकिंगचा पुरावाच नव्हे. नाव ज्याला माहीत आहे तो ग्राहक आधीच मिळालेला असतो. गेलेत ते नाव माहीत नसलेले.

म्हणून सर्च कन्सोल, म्हणजे साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचं साधन, उघडायचं आणि परफॉर्मन्स अहवालात साइट बदलण्याआधीचे २८ दिवस आणि ताजे २८ दिवस शेजारी ठेवायचे. या अहवालात १६ महिन्यांपर्यंतची माहिती असते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या याच काळाशीही तुलना करता येते. गीझरसारख्या हंगामी कामात ती करायलाच हवी, नाहीतर संपलेला हंगाम घसरण म्हणून गळ्यात पडतो. मग शोधशब्दांच्या गाळणीत व्यवसायाचं नाव असलेले शोध वगळायचे. ते वगळले की खरं चित्र दिसतं. एक खबरदारी: फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी यादीत दाखवत नाही, त्यामुळे शब्दांच्या यादीची बेरीज एकूण क्लिकशी जुळत नाही. त्यात चूक शोधत बसू नये.

आता पानांच्या यादीला क्लिकमधल्या फरकानुसार लावायचं. घसरणीचा आकारच बरंच सांगून जातो. सगळी पानं थोडी थोडी खाली आली असतील तर शंका पूर्ण साइटवर: सर्व्हर, वेग, मोठा अपडेट. इम्प्रेशन (पान निकालात किती वेळा दिसलं) तेवढेच आणि क्लिक घटले असतील तर पान जागच्या जागी आहे. टायटल (निकालात दिसणारं पानाचं शीर्षक) बदललंय किंवा निकालाच्या पानावर वर काहीतरी नवं येऊन बसलंय. क्रमांक तीनवरून नऊवर सरकला असेल तर कोणीतरी आपल्यापेक्षा चांगलं पान केलंय. आणि काही पानं थेट शून्यावर, बाकीची ठणठणीत, असं असेल तर पत्ते तुटलेत.

इथे नेमकं तेच आहे. जुन्या साइटची अकरा सेवा-पानं शून्यावर आहेत. होमपेज आणि संपर्काचं पान जसंच्या तसं. गूगलच्या अपडेटने अशी पानं निवडून निवडून पुसली जात नाहीत.

तुटलेले पत्ते

साइट नवी करताना होमपेज आणि संपर्काचं पान सोडून प्रत्येक पानाचा पत्ता बदलला. 'फ्रिज-दुरुस्ती.एचटीएमएल' होतं तिथे आता काहीच नाही. गूगलच्या नोंदी, इतरांनी दिलेल्या लिंक, लोकांनी जपून ठेवलेले पत्ते हे सगळं त्या जुन्या नावावर होतं. पहिल्या आठवड्यात जुन्या पत्त्यांवर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' असं उत्तर, येत होतं. ते बघून कोणीतरी एक प्लगइन बसवलं, जे न सापडलेलं प्रत्येक पान होमपेजवर पाठवतं. वरकरणी प्रश्न सुटला. प्रत्यक्षात तो झाकला गेला. फ्रिजचं पान मागणाऱ्याला होमपेज दिलं, तर गूगल त्याला सॉफ्ट ४०४ समजतं, म्हणजे पान नाहीच असं धरतं. जुन्या पानाची पुण्याई होमपेजला मिळत नाही, आणि तुटलेले पत्ते कोणते तेही आता दिसत नाही. उघडं ४०४ यापेक्षा बरं. निदान ते खरं बोलतं.

दुरुस्तीची सुरुवात जुन्या पत्त्यांच्या पूर्ण यादीपासून. ती चार ठिकाणांहून जमते: सर्च कन्सोलमधली पानांची यादी (ती एका वेळी १००० ओळी देते, छोट्या साइटला पुरून उरतात), जुनी साइटमॅप फाइल (साइटवरच्या पानांची सर्च इंजिनसाठीची यादी) मिळाली तर ती, होस्टिंगवरच्या सर्व्हरच्या नोंदी आणि वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवरच्या प्रती. ४१ पत्ते एका तक्त्यात उतरवायचे आणि प्रत्येकासमोर नवा पत्ता लिहायचा. जिथे तोच विषय आहे तिथे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं. जिथे तशी जागाच उरलेली नाही, उदाहरणार्थ जुन्या सणाच्या सवलतीचं पान, तिथे ४०४ किंवा ४१० (पान कायमचं काढलं) राहू द्यायचं. ३०२ वापरायचं नाही. ते तात्पुरत्या बदलासाठी आहे आणि घाईत तेच निवडलं जातं.

साखळ्याही तपासायच्या. जुना पत्ता आधी एचटीटीपीएसवर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर, तिथून शेवटच्या तिरक्या रेघेच्या पत्त्यावर आणि मग नव्या पानावर, अशा चार उड्या सहज होतात. गूगल दहा उड्यांपर्यंत पाठपुरावा करतं, पण मोबाइलवरचा माणूस प्रत्येक उडीला थांबतो. जुन्यावरून थेट शेवटच्या पत्त्यावर, एका उडीत. साइटच्या आतल्या लिंक तर रीडायरेक्टवर ठेवायच्याच नाहीत. मेन्यू, फुटर, लेखातले दुवे सगळे नव्या पत्त्यावर वळवायचे. रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवा, जमेल तितका जास्त काळ ठेवा, असं गूगलचं सांगणं आहे. काढून टाकण्याचं कारण तसंही काही नसतं.

अकरा पानांचं एक पान

इथे खरी अडचण येते. अकरा जुनी सेवा-पानं नव्या साइटवर एकाच 'आमच्या सेवा' पानात कोंबली आहेत. प्रत्येक सेवेला एक शीर्षक, दोन ओळी आणि एक चित्र. आता ३०१ कुठे द्यायचं? अकराही पत्ते त्या एका पानावर वळवले तर नियम पाळल्यासारखं होतं, रँक मात्र परत येत नाही. 'मायक्रोवेव्ह गरम होत नाही' असं शोधणाऱ्यासमोर गूगलने दोन ओळींचं पान का ठेवावं? रँक पानाला मिळते, आणि ते पानच राहिलेलं नाही.

म्हणून ती अकरा पानं परत उभी करावी लागतात. नव्या रंगरूपात, पण जुन्या मजकुरासह. मजकूर बॅकअपमध्ये नसेल तर वेबॅक मशीनमधून काढायचा. जमलं तर जुनेच पत्ते ठेवायचे. मग रीडायरेक्टचीही गरज नाही. दिखाऊपणासाठी पत्ता बदलण्यासारखं महागडं काम छोट्या साइटवर दुसरं नाही.

डिझायनर इथे म्हणेल की मजकूर लपवून ठेवू, बटण दाबलं की उघडेल. चालतं. गूगल साइटचं मोबाइलवरचं रूप बघून नोंद करतं, आणि मिटलेल्या पट्टीतला मजकूरही मोजतं. अट एवढीच की तो मजकूर पान उतरतानाच एचटीएमएलमध्ये असावा. दाबल्यावर सर्व्हरवरून येणारा मजकूर गूगलला दिसत नाही, कारण त्याचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, बटणं दाबत नाही. डेस्कटॉपवर परिच्छेद आहे आणि मोबाइलवर जागेसाठी काढून टाकलाय, असं असेल तर तो परिच्छेद नसल्यातच जमा.

चाचणीच्या प्रतीचे अवशेष

पानं परत उभी केली, तरी त्यांतली काही इंडेक्स होत नाहीत, म्हणजे गूगलच्या नोंदीत येत नाहीत. सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत एकेक पान टाकून बघायचं, आणि पानाचा कोडही वाचायचा. तिथे तीन गोष्टी निघतात, आणि तिन्ही स्टेजिंगमधून, म्हणजे चाचणीच्या प्रतीतून, आलेल्या असतात.

पहिली, सेवा-पानांच्या टेम्पलेटमध्ये, म्हणजे त्यांच्या सामाईक साच्यात, नोइंडेक्स ('हे पान निकालात घेऊ नका' ही खूण) राहून गेलाय. वर्डप्रेसमध्ये रीडिंगच्या सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना रोखणारी एक चौकट असते. तिच्यावरची खूण काढायला विसरलं की अख्खी साइट हळूहळू निकालातून जाते. इथे चूक एका टेम्पलेटपुरती आहे, म्हणून ती अधिक फसवी.

दुसरी, त्याच पत्त्यांना रोबोट्स फाइलमध्येही (बॉटने कोणती पानं वाचू नयेत ते सांगणारी फाइल) मज्जाव आहे. दोन्ही कुलपं एकदम लावणं हा घोटाळा आहे. रोबोट्स फाइल पान वाचू देत नाही, त्यामुळे पानावरचा नोइंडेक्स गूगलला कधी दिसतच नाही. बाहेरच्या लिंकमुळे असं पान वर्णनाशिवाय निकालात येऊही शकतं. निकालातून काढायचं असेल तर पान वाचू द्यायचं आणि नोइंडेक्स ठेवायचा. ठेवायचं असेल तर दोन्ही काढायचं. रोबोट्स फाइलची प्रत गूगल २४ तासांपर्यंत वापरत राहतं, त्यामुळे बदल केल्यावर तासाभरात निकाल बघून घाबरायचं नाही.

तिसरी, कॅनॉनिकल, म्हणजे पानाची मूळ प्रत कोणती ते सांगणारी खूण. पान म्हणतंय की माझी मूळ प्रत चाचणीच्या पत्त्यावर आहे. तपासणीत 'साइटने सांगितलेलं कॅनॉनिकल' आणि 'गूगलने निवडलेलं कॅनॉनिकल' अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात. दोघांत तफावत असली की तिथेच थांबून बघायचं. कॅनॉनिकल ही गूगलसाठी सूचना आहे, हुकूम नव्हे, पण चुकीची सूचना देऊन त्याच्या शहाणपणावर विसंबू नये. आधी खऱ्या साइटवरचे कॅनॉनिकल दुरुस्त करायचे, मग चाचणीच्या प्रतीला पासवर्ड लावायचा. चाचणीची प्रत लपवायची खात्रीची रीत पासवर्डच.

शब्द आणि गरज

आता मजकूर. बरेच जण इथूनच सुरुवात करतात आणि वर सांगितलेल्या कुलपांमागे नवे लेख लिहीत बसतात.

'वॉशिंग मशीन दुरुस्ती' शोधणाऱ्याला माणूस हवाय. त्याच्या पानावर कोणत्या प्रकारची मशीन घेता, कोणते भाग जवळ असतात, घरी येता की मशीन न्यावी लागते, कामाची हमी किती, फोन नंबर. 'मशीनमधलं पाणी निघत नाही' शोधणाऱ्याला आधी कारण हवंय. त्याच्यासाठी वेगळं पान, आणि त्यात खरंखुरं उत्तर: आधी प्लग काढा, पाण्याचा पाइप वाकलाय का बघा, पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये खालच्या झाकणामागचा फिल्टर उघडण्यापूर्वी परात ठेवा आणि गरम पाणी असेल तर निवू द्या, नाणी, केसांच्या पिना, धागे तिथे अडकतात. फिल्टर स्वच्छ असून पंप नुसता गुणगुणत असेल तर तंत्रज्ञ बोलवा. सगळं सांगून टाकलं तर ग्राहक बोलावणार नाही, ही भीती मालकाला असते. फिल्टर साफ करून काम भागलं तो माणूस तसाही फेरीपुरताच ग्राहक होता. पंप गेलाय हे ज्याला कळलं, तो समोरच्याच पानावरचा नंबर लावतो.

हीच सामग्री दुसऱ्या कोणाच्या पानावरून फिरवून आणली तर उपयोग नाही. तंत्रज्ञाला दहा मिनिटं विचारलं की कुठल्या मशीनचा कुठला भाग आधी जातो ते तो सांगतो. ते दुसऱ्या कुठल्या साइटवर सापडत नाही.

टायटलमध्ये 'होम' किंवा नुसतं व्यवसायाचं नाव नको. आधी काम, मग नाव. अक्षरांची ठरावीक मर्यादा नाही. स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे ते कापलं जातं, म्हणून महत्त्वाचं आधी. डिस्क्रिप्शनने (टायटलखाली दिसणारं छोटं वर्णन) रँक वाढत नाही, क्लिक मिळू शकतात. कीवर्डचा मेटा टॅग (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची लपलेली यादी) गूगल रँकिंगसाठी वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच सांगितलं, तरी तो भरून देण्याचे पैसे अजून घेतले जातात.

जुन्या साइटवर फ्रिजची दोन पानं होती, 'फ्रिज दुरुस्ती' आणि 'रेफ्रिजरेटर सर्व्हिस'. दोन्ही परत आणायची का? सर्च कन्सोलमध्ये एक शोधशब्द निवडून पानांची यादी बघायची. त्याच शब्दाला कधी हे पान, कधी ते दिसत असेल आणि मजकूरही एकच सांगत असेल, तर चांगलं पान ठेवायचं, दुसऱ्यातलं वेगळं काही असेल ते त्यात घ्यायचं आणि दुसरं ३०१ ने वळवायचं. म्हणजे अकराची दहा पानं.

पॅकेजवाला इथे चाळीस वस्त्यांची चाळीस पानं सुचवेल, मजकूर एक आणि नाव तेवढं बदललेलं. गूगलच्या धोरणात त्याला डोअरवे पान म्हणतात आणि ते स्पॅममध्ये मोडतं. कुठे कुठे जाता ते एका पानावर नीट लिहिलं की काम भागतं.

वेग, पण प्रमाणात

होमपेजच्या डोक्यावर पाच मोठ्या फोटोंची फिरती पट्टी आहे, आणि कॅमेऱ्यातून आले तसेच प्रत्येकी काही एमबीचे फोटो. मुख्य भाग दिसायला २.५ सेकंदांच्या आत, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत आणि मांडणीची हालचाल ०.१ च्या आत, शंभरातल्या पंचाहत्तर भेटींत तरी, ही गूगलची चांगल्या पानाची रेघ. मार्च २०२४ पासून प्रतिसादाचं माप आयएनपी आहे, त्याआधी एफआयडी होतं. जुन्या लेखांत एफआयडी दिसलं तर तो लेख मागे टाकायचा. छोट्या साइटला भेटी कमी, त्यामुळे पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनात खऱ्या वापरकर्त्यांची माहिती बऱ्याचदा येतच नाही, फक्त प्रयोगशाळेतला गुण येतो. त्या गुणाचे शंभर करण्यासाठी आठवडे घालवू नयेत.

करायचं एवढंच: फिरती पट्टी काढून एक फोटो ठेवायचा, १२०० ते १६०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या फाइलच्या स्वरूपात. त्या पहिल्या फोटोला उशिरा उतरण्याची सूचना, म्हणजे लेझी लोडिंग, लावायची नाही. प्लगइन सरसकट लावतात आणि नेमका तोच फोटो रेंगाळतो. प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहायची, म्हणजे मजकूर उड्या मारत नाही. कोणी उत्तर देत नसलेला चॅटचा डबा काढून टाकायचा.

नकाशावरची जागा

स्थानिक निकालांत गूगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नाही. बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीवर, मुख्य वर्ग एकच निवडता येतो, जोडीला नऊपर्यंत आणखी. या प्रकरणात मुख्य वर्ग 'इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान' होता, विकत मात्र काहीच नाहीत. तो उपकरण दुरुस्तीचा केला. नावात 'उत्तम स्वस्त दुरुस्ती' जोडलेलं होतं ते काढलं. पाटीवर जे नाव तेच, नाहीतर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. वेळा आणि फोन साइटवरचेच, आणि प्रोफाइलवरची साइटची लिंक चालते का तेही. ती जुन्या पत्त्यावर होती.

अभिप्रायासाठी सवलत द्यायची नाही आणि खूश ग्राहकांनाच निवडून विचारायचं नाही, दोन्ही नियमाबाहेर. स्वतःच्या साइटवर स्वतःलाच तारे देणारा कोड लावून निकालात तारे मिळत नाहीत, ते २०१९ मध्येच बंद झालं. प्रश्नोत्तरांचा विस्तारित निकालही ऑगस्ट २०२३ पासून सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरता राखून ठेवला गेला. त्यासाठी प्लगइन विकत घेण्यात अर्थ नाही.

लिंकचं काय

पन्नास बॅकलिंकचं पॅकेज नाकारायचं. रँकसाठी लिंक विकत घेणं स्पॅम धोरणात बसतं, आणि तशा लिंक बहुधा मोजल्याच जात नाहीत. आधी कोणी घेतल्या असतील तरी लगेच डिसअव्हावची फाइल ('या लिंक मोजू नका' असं गूगलला सांगणारी यादी) चढवायची घाई नको. सर्च कन्सोलमध्ये मानवी कारवाईची, म्हणजे गूगलच्या माणसांनी साइट तपासून केलेल्या शिक्षेची, नोटीस आली असेल किंवा ती येण्याची खरी शक्यता असेल तरच ते हत्यार. सगळ्यांत स्वस्त आणि चांगल्या लिंक हाताशीच आहेत: इतरांनी पूर्वी जुन्या पानांना दिलेल्या. ३०१ नीट बसले की त्या जाग्या होतात. त्यानंतर उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्रांच्या यादीत आणि सुटे भाग देणाऱ्याच्या पानावर नाव आहे का, पत्ता बरोबर आहे का, ते बघायचं.

क्रम आणि वाट बघणं

सगळं एका दिवशी करायचं नाही. आधी नोइंडेक्स, रोबोट्स आणि कॅनॉनिकल. मग पानं आणि रीडायरेक्ट, एकदमच, कारण एक दुसऱ्याशिवाय निरर्थक. मग साइटमॅप नव्याने देऊन प्रमुख पानांसाठी इंडेक्सिंगची विनंती, एकेका पानासाठी एकदाच. पुन्हा पुन्हा दाबून रांगेत पुढे जाता येत नाही. साइटमॅपमधले प्राधान्याचे आकडे गूगल बघत नाही. शेवटच्या बदलाची तारीख खरी असेल तर बघतं. रोज सगळ्या पानांची तारीख आपोआप बदलणारं प्लगइन ती खूणही वाया घालवतं. वेग, प्रोफाइल आणि नवा मजकूर यानंतर. प्रत्येक बदलाची तारीख वहीत.

खुणाही क्रमानेच येतात. आधी इंडेक्सच्या अहवालात पानं 'इंडेक्स न झालेली' मधून बाहेर येतात, मग इम्प्रेशन, मग क्रमांक, क्लिक सगळ्यांत शेवटी. सरासरी क्रमांक या टप्प्यावर फसवतो: परत आलेली पानं आधी तिसऱ्या-चौथ्या पानावर दिसू लागतात, त्यामुळे साइट सुधारत असताना सरासरी खाली जाते. तेव्हा कोणीतरी घाबरून पुन्हा पत्ते बदलतं. तो मोह टाळायचा. पत्त्यांचे बदल पचायला काही आठवडे लागतात. नव्या मजकुराला चार महिने ते वर्ष धरून चालावं. सहा आठवड्यांनी एखादं पान अजून 'क्रॉल झालं (बॉटने वाचलं), पण इंडेक्स नाही' असंच असेल, तर कुलूप शोधणं थांबवून तो मजकूर वाचायचा. बहुधा त्यात दुसऱ्यांपेक्षा वेगळं काही नसतं.

आणि फोन मोजायचे. विचारणाऱ्याने कुठून नंबर घेतला हे फोन उचलणाऱ्याने वहीत लिहिलं तरी पुरे, कारण नकाशावरून आलेला फोन साइटच्या आकड्यांत दिसत नाही.

४१ ओळींचा तो तक्ता मालकाने स्वतःकडे ठेवायचा, साइट बनवणाऱ्याकडे नव्हे. होस्टिंग बदलताना साइटची पानं नव्या सर्व्हरवर जातात, रीडायरेक्टच्या ओळी जुन्या सर्व्हरच्या फाइलमध्ये राहतात. मग तेच सगळं पुन्हा, आणि या वेळी वेबॅक मशीनपासून सुरुवात.